वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना सोबत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातले बरेचसे वृद्धाश्रम तालुक्याच्या गावी, नाहीतर गावाबाहेर शेताला लागून आहेत. तिथे जाणारी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे तीन प्रकारचे असतात: अधूनमधून जाणारे गावकरी आणि विद्यार्थी, आईवडिलांना तिथे ठेवलेली मुलं-मुली-सुना, आणि आश्रमातच काम करणाऱ्या मावश्या. एकच मुद्दा दोन ठिकाणी येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तिथे जेवायला मिळतं, औषधपाणी होतं. मग आणखी कसला आधार पाहिजे?

जेवण, बाज आणि गोळ्या मिळाल्या की माणूस जगतो. पण आपली कुणी वाट पाहावी, आपल्याला कुणी काही विचारावं, ही गरज वय झालं म्हणून संपत नाही. ज्यांनी जन्मभर शेती केली, भरल्या घराचं खाणंपिणं पाहिलं, त्यांना आश्रमात आल्यावर एकदम कुणी काही विचारेनासं होतं. यंदा काय पेरायचं, भाजीत तिखट किती टाकायचं, पोरीला आलेलं स्थळ कसं आहे, काहीच नाही. आमच्या मते सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, आणि खालची बहुतेक उत्तरं तिथूनच निघतात.

एकटेपणाचा परिणाम शरीरावर आणि मेंदूवरही होतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण कमी करता येण्याजोग्या १४ गोष्टी दिल्या आहेत. माणसांपासून तुटणं, नैराश्य आणि कमी ऐकू येणं या तिन्ही त्यांत आहेत.

२. आम्ही शेतकरी, दुकानदार माणसं. समुपदेशन वगैरे काही शिकलेलो नाही. आमच्या जाण्याने काय होणार?

सोबत करायला पदवी लागत नाही. डॉक्टरांची गरज कधी पडते ते प्रश्न ७, ८ आणि ११ मध्ये दिलं आहे. तूर फुलोऱ्यावर असताना आभाळ आलं तर पोटात का कालवतं, हे ज्याला सांगावं लागत नाही अशा माणसाशी आजोबा जितके मोकळे बोलतील, तितके शहरातून आलेल्या तज्ज्ञाशी बोलतीलच असं नाही.

दोन गोष्टी मात्र आधी अंगी बाणवा: बोलणं मध्येच तोडायचं नाही, आणि ऐकलेलं गावात न्यायचं नाही. दुसरी जास्त अवघड आहे, कारण आपल्याकडे कोण कुणाचा कोण लागतो हे तासाभरात निघतं. आजीने सुनेबद्दल सांगितलेलं बसस्टँडवर पोचलं, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही.

३. किती वेळा जावं? आम्हाला रोज जमणार नाही.

रोज जायची गरजही नाही. पंधरा दिवसांतून एकदा जा, पण वार आणि वेळ ठरलेली ठेवा. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी चार वाजता म्हणजे तेव्हाच. आज हे, उद्या ते असं वीस जणांनी फिरत राहण्यापेक्षा एकाने दोनच आजी-आजोबा धरून ठेवावेत. नावं, गावं, दुखणी लक्षात राहतात आणि मागच्या बोलण्याचा धागा पुढे नेता येतो.

आपल्याकडे अडचण येते हंगामाची. मृगाच्या सुमारास पेरणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापसाचा वेचा, या दोन काळात गावातून कुणालाही निघता येत नाही. हे आधीच सांगून ठेवा: "आजी, आता पेरणी आहे, तीन खेपा येणं होणार नाही, आषाढीनंतर येतो." त्यांनीही शेती केलेली आहे, त्यांना हे समजतं. न सांगता गायब झालेला माणूस मात्र मनाला लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी जाऊ नका. सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर जा.

४. गेल्यावर बोलायचं काय? पाच मिनिटांत विषय संपतो.

"मुलं किती? ती पाहत नाहीत का?" हे प्रश्न सुरुवातीला अजिबात नकोत. तुम्ही सहज विचारता, समोरच्याला मात्र अनोळखी माणसापुढे आपल्या लेकराची बाजू सावरावी लागते. तो विषय त्यांनी काढला तरच ऐका.

ज्या गोष्टीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्या गोष्टी विचारा. बैलांची नावं विचारा. नातवाचं नाव विसरलेले आजोबा कित्येकदा पन्नास वर्षांपूर्वीच्या जोडीची नावं, रंग, शिंगांचा आकारसुद्धा सांगतात. पोळ्याला जोडी कशी सजवायचे, तान्ह्या पोळ्याला पोरांचा लाकडी बैल कुणी केला होता, गोवऱ्यांच्या आहारात (निखाऱ्यांत) रोडगे कधी उलटायचे, वडाभातावर तेल किती घ्यायचं. आजीला भुलाबाईची गाणी म्हणायला सांगा, एक ओळ तुम्ही चुकीची म्हणा. ती दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची माणसं असतील तर दंडार, खडीगंमत, झाडीपट्टीतली रात्रभर चालणारी नाटकं. कुणी सोंग घेतलेलं असतं, कुणी घरून चोरून नाटक पाहिलेलं असतं.

हातात द्यायला काहीतरी न्या. तुरीच्या ओल्या शेंगा, कापसाचं फुटलेलं बोंड, फाल्गुनात पळसाची फुलं, चैत्रात मोह. वास आणि स्पर्श यांनी ज्या आठवणी वर येतात त्या नुसत्या विचारण्याने येत नाहीत. म्हातारपणी मागचं आयुष्य पुन्हा पुन्हा उलगडून पाहणं ही मनाची गरज आहे, असं अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलं. त्याआधी अशा बोलण्याला म्हातारचळ समजून सोडून देत असत. आजही बरेच जण देतात.

आणि विषय संपला तर संपू द्या. ओसरीवर शेजारी बसून रस्त्याकडे पाहणं हीसुद्धा भेटच आहे.

५. आजी-आजोबांना काम सांगितलं तर लोक म्हणतील म्हाताऱ्यांना राबवतात. आराम करू द्यावा ना?

आराम म्हणजे दिवसभर बाजेवर पडून राहणं नव्हे. रिकाम्या हातांनी माणूस लवकर खचतो. सांबार (कोथिंबीर) निवडणं, शेंगा सोलणं, वाती वळणं, झाडांना पाणी घालणं, शाळेच्या पोरांचे पाढे म्हणून घेणं, अशी कामं द्यावीत. तीन अटी पाळाव्यात: ज्याला हवं त्यानेच करावं, नको वाटलं की मध्येच सोडता यावं, आणि आश्रमाचा मजूर वाचवायला ते काम कधीच नसावं.

याहून मोठं काम म्हणजे सल्ला. खरोखर अडलेली गोष्ट विचारा. लोणचं का खराब झालं, बोंडं का गळतात, पोराच्या लग्नात आहेर किती करावा. मग सांगितलं ते करून पाहा आणि पुढच्या खेपेला काय झालं ते येऊन सांगा. हे येऊन सांगणं बहुतेक जण विसरतात. आपलं ऐकून कुणीतरी काहीतरी केलं, हे कळल्यावर त्या माणसाची बसण्याची ढबच बदलते.

६. आईला आणून महिना झाला. कोणाशी बोलत नाही, नुसती फाटकाकडे पाहत राह्यते. काय करू?

सुरुवातीचे आठवडे सगळ्यात जड असतात. तिची गोधडी, पितळेचा लोटा, देवघरातला एखादा देव, घरच्यांचा फोटो, ज्या वस्तूंना तिच्या हाताची सवय आहे त्या आणून द्या. कपाट भरून नवे कपडे आणण्याने तिला आपण परक्या जागी आलो असंच वाटतं.

"चार दिवसांत नेतो" असं खोटं सांगू नका. ती दिवस मोजते. खरं कारण साध्या शब्दांत सांगा, पुन्हा सांगायची वेळ आली तर पुन्हा सांगा. काही ठिकाणी नातेवाइकांना सांगतात की पहिला महिना येऊ नका, म्हणजे ती रुळेल. आम्हाला हे पटत नाही. याच दिवसांत जास्त वेळा या, थोडा वेळ बसा, आणि निघताना परत कधी येणार ते सांगून निघा.

एक पानभर माहिती लिहून मावशींकडे द्या: तिला काय नावाने हाक मारलेली आवडते, चहा किती वाजता लागतो, कोणती भाजी चालत नाही, माहेर कोणतं, कुणाचं नाव काढलं की तिला रडू येतं. माहेरचं गाव जरूर लिहा. त्याच बाजूची दुसरी बाई आश्रमात निघाली तर अर्धं काम होतं. दीड-दोन महिन्यांनंतरही खाणं-झोप सुधारत नसेल तर पुढचा प्रश्न वाचा.

७. हे साधं दुःख आहे की आजार, कसं ओळखायचं?

दुःखात माणूस अधूनमधून हसतो, आवडीचं समोर आलं की दोन घास खातो. नैराश्यात बहुतेक वेळ उदास वाटणं किंवा कशातच गोडी न उरणं दोन आठवडे आणि त्याहून जास्त टिकतं. झोप आणि भूक बिघडते, "मी सगळ्यांवर ओझं आहे" हे घोकलं जातं. वयस्क माणसं "मन उदास आहे" असं सहसा म्हणत नाहीत. आपल्याकडे ते "अंगात जीव नाही", "छातीत धस्स होते", "पोट साफ होत नाही" असं बाहेर येतं. तपासण्यांत काही सापडत नाही आणि सगळे म्हणतात, उगाच करते. उगाच नसतं.

वृद्धांतलं नैराश्य चाचपण्यासाठी १५ प्रश्नांची हो-नाही स्वरूपाची प्रश्नावली वापरतात. ती आश्रमातही विचारता येते, पण निदान डॉक्टरांनीच करायचं. जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात दाखवा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका. नैराश्यामुळे विसरभोळेपणाही येतो, आणि तो उपचाराने बराच सुधारू शकतो. म्हणून "वय झालं, विसरणारच" असं म्हणून सोडून देऊ नका.

८. बाबा रोज म्हणतात, "देवा, आता उचल." हे मनावर घ्यायचं का?

आपल्याकडे हे वाक्य किती तरी म्हातारी माणसं सहज म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्यात थकवा असतो. तरीही दरवेळी ऐका. "असं नाही म्हणायचं" असं म्हणून तोंड बंद करू नका, "आज असं काऊन वाटलं, बाबा?" असं विचारा.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी हालचाल करा: वस्तू वाटून टाकणं, निरोपाची भाषा, गोळ्या साठवणं, जेवण आणि औषध ठरवून सोडणं, किंवा खूप अस्वस्थ माणूस एकाएकी अगदी शांत होणं. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन हलकं होतं. एकटं सोडू नका, व्यवस्थापकांना सांगा, रुग्णालयात न्या. आश्रम शेताला लागून असेल तर फवारणीची औषधं आणि सगळ्यांच्या गोळ्या कुलपात असल्याच पाहिजेत.

९. आजोबांना ऐकू येत नाही. ओरडून बोललं की चिडतात.

ओरडल्याने आवाज फाटतो, शब्द कळत नाही. समोर, उजेडात बसा, ओठ दिसू द्या, पंखा-कूलर-टीव्ही बंद करा, जरा जाड आवाजात सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगा. आधी कान तपासून घ्या. नुसता मळ साचल्यानेही ऐकू येईनासं होतं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, काठी विनामूल्य मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र व्यक्तीच्या खात्यात अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये जमा होतात. यंत्र मिळालं की काम संपत नाही. ते कानात बसवून देणं, सेल बदलणं आणि सवय होईपर्यंत शेजारी बसणं हे कुणीतरी करावं लागतं, नाहीतर ते डबीतच राहतं.

१०. आजी रोज संध्याकाळी गाठोडं बांधते आणि म्हणते, "मले घरी जायचं आहे, मालक वाट पाहत असतील." मालक जाऊन बारा वर्षं झाली. खरं सांगायचं का?

स्मृतिभ्रंश असेल तर नाही. "ते वारले" हे तिला दरवेळी नव्याने कळतं, दरवेळी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडते, आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारते. त्याचबरोबर "हो, आत्ता येतील" अशी थापही मारू नका. ती वाटेवर जाऊन उभी राहील.

मधला रस्ता भावनेचा आहे. "मालकांची आठवण येऊन राहिली का? त्यांना जेवायला काय आवडायचं?" असं म्हणत तिला हाताला धरून आत न्या, गाठोडं तिच्याच जवळ राहू द्या. "घरी जायचं" याचा अर्थ पुष्कळदा भीती वाटते, भूक लागली, लघवीला जायचं आहे, असाही असतो. ते आधी पाहा. दिवस मावळताना या आजारात घालमेल वाढते. त्या वेळेआधीच दिवे लावा, तेव्हा काहीतरी ठरलेलं काम द्या. ज्या आश्रमांत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तिथे ही वेळ जरा सोपी जाते. गावोगावी तुकडोजी महाराजांनी लावलेली ही सवय या पिढीच्या अंगात इतकी मुरली आहे की स्वतःचं गाव विसरलेली बाईही प्रार्थना ओळीने म्हणते.

आजार नसेल, स्मरण ठीक असेल, आणि माणूस आपल्या माणसाविषयी विचारत असेल, तर मात्र खरंच सांगायचं. ते लपवायचा अधिकार कुणालाच नाही. (प्रश्न १९)

११. कालपर्यंत चांगलं बोलणारे आजोबा आज एकदम असंबद्ध बोलताहेत. मनाला काही लागलं असेल का?

थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. तासा-दिवसांत आलेला भ्रम हा बहुधा शरीराच्या आजाराचा असतो: लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, साखर खाली जाणं, ताप, नवीन गोळी, कधी पक्षाघात. उन्हाळ्यात उष्माघातही असू शकतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो, एका रात्रीत येत नाही.

१२. आमच्याकडच्या एक आजी फक्त कोरकू बोलतात. त्यांच्याशी सोबत करायची कशी?

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळकडे कोलामी, तांड्यांवर बंजारा, सिरोंच्याच्या बाजूला तेलुगू. आणि आश्रमाचं सगळं बोलणं मराठीत. अशी आजी माणसांत राहून एकटी पडते, आणि तिच्या गप्प बसण्याला लोक डोक्याचा बिघाड समजतात.

आधी तिची भाषा येणारं एक माणूस शोधा. आश्रमशाळेचे शिक्षक, वसतिगृहातली मुलं, आशाताई, बाजाराला येणारे लोक यांत कुणी ना कुणी असतं. महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष नाही तर फोनवर त्यांना पोटभर बोलू द्या. मग त्यांच्याकडून दहा-पंधरा शब्द शिका: पाणी, दुखतं, भूक, थंडी, झोप, चांगलं. ते देवनागरीत लिहून बाजेजवळ लावा. चुकीच्या उच्चाराला ती हसली तर फारच उत्तम, कारण आता शिकवणारी ती आहे. हिंदी येत असेल असं गृहीत धरू नका.

१३. आम्ही दर गुरुवारी भजन ठेवतो. तिघे-चौघे येतच नाहीत. आग्रह करावा का?

नको. न येणाऱ्यांपैकी कुणी बौद्ध असेल, कुणी मुसलमान, कुणाचा देवावरून विश्वास उडालेला असेल, कुणाचे गुडघे खाली बसू देत नसतील. विचारा. शेगावच्या महाराजांचा प्रकटदिन होतो तसा १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिनही झाला पाहिजे, वंदना त्यांनीच सांगावी आणि बाकीच्यांनी बसावं. ईदला शिरखुर्मा सगळ्यांनी खावा.

याच प्रश्नाला जोडून दुसरा येतो: एखादे आजोबा अमक्याच्या शेजारी जेवायला बसत नाहीत. जातीमुळे वेगळी पंगत, वेगळा पेला आश्रमात चालता कामा नये, वय कितीही असो. ज्याच्याशी असं वागलं गेलं त्याला आधी भेटा. त्याला आयुष्यभर हे सोसावं लागलं आहे आणि शेवटच्या मुक्कामीही तेच वाट्याला आलं, तर त्याच्या मनावर काय होत असेल ते समजून घ्या.

१४. बाबा म्हणतात, "येताना खर्रा आण, बाकी काही नको." आणायचा का?

नाही. राज्यात खर्र्यावर, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या मिश्रणावर, बंदी आहे आणि तोंडाच्या कर्करोगाशी त्याचा थेट संबंध आहे. पण त्या मागण्यात आणखी काहीतरी असतं. खर्रा घोटायचा, चौघांना द्यायचा, पारावर बसायचं, हे त्यांचं मैत्रीचं रूप होतं. पुडी न आणता तो पार उभा करा: चार म्हाताऱ्यांना एका बाकावर बसवा, बडीशेप-लवंग फिरवा, पेपर मोठ्याने वाचा. सोडायची तयारी असेल तर तंबाखूमुक्तीची मदत सरकारी रुग्णालयात मिळते. गोड किंवा तळलेलं आणतानाही आधी मावशींना विचारा. कुणाला साखर असते, कुणाला नीट गिळता येत नाही.

१५. मी पुण्याला असतो. फोन केला की "जेवली का, गोळी घेतली का" एवढंच होतं.

वार आणि वेळ ठरवा, आश्रमात त्या वेळी फोन कोण धरून देणार तेही ठरवा. रेंज नसते, म्हणून कुठे उभं राहिलं की आवाज येतो ते पाहून ठेवा. मग तुम्ही तुमचं सांगा. ऑफिसात काय झालं, कुणाशी वाजलं, मुलीला किती मार्क पडले. आईला वाईट वाटेल म्हणून मुलं सगळं लपवतात आणि मग बोलायला गोळ्याच उरतात. तिला विचारा, "माये, पातोडी फुटते, काय करू?" (प्रश्न ५.) नातवंडांना शेवटची दोन मिनिटं देऊ नका, पहिली द्या.

१६. दिवाळीला घरी नेलं तर परत सोडताना फार रडते. न्यावं की नाही?

तिला विचारा. परत सोडताना रडणं हे न नेण्याचं कारण होत नाही. रडणं तुम्हाला सोसवत नाही, म्हणून तिचा सण काढून घेऊ नका. किती दिवस ते आधी सांगा, परत जाताना आश्रमातल्या मैत्रिणींसाठी तिच्या हातचा फराळ द्या, आणि सोडल्यावर लगेच गाडी काढू नका, चहा घेऊन निघा. ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे आणि ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट लागतं, त्यामुळे खर्चाची सबब राहत नाही. स्मृतिभ्रंश पुढे गेलेला असेल तर जागाबदलाने गोंधळ वाढू शकतो. तेव्हा सणच आश्रमात न्या.

१७. एका आजी-आजोबांच्या मुलाने कर्जापायी आत्महत्या केली. त्यांच्यासमोर तो विषय टाळतो. बरोबर आहे का?

पश्चिम विदर्भात हा प्रश्न सारखा येतो. विषय टाळल्याने त्यांना असं वाटतं की त्यांच्या मुलाचं नाव घेणंही लाजिरवाणं आहे. त्याच्या मरणाविषयी विचारू नका, त्याच्याविषयी विचारा. लहानपणी कसा होता, नाव कुणी ठेवलं. ते मरणाकडे वळले तर ऐका. "आपल्याला आधी कळायला पाहिजे होतं" हे वाक्य येईलच. त्यावर "तसं नाही हो" एवढं म्हणून बंद करू नका. ते पुन्हा पुन्हा बोलू द्या, वर्षं गेली तरी. दोष देणारा किंवा सरकारपासून सावकारापर्यंत हिशेब मांडणारा तुमचा एकही शब्द नको. पेपरात तशी बातमी आली की त्या दिवशी त्यांच्याजवळ बसायला जा. अशा आईवडिलांच्या मनात स्वतःविषयीही तसे विचार येऊ शकतात, म्हणून प्रश्न ८ त्यांच्यासाठी आणखी जपून वाचा.

१८. आश्रमात एक आजी आणि एक आजोबा सतत सोबत असतात. लोक नावं ठेवतात. मुलं म्हणतात, वेगळं करा.

दोघं सज्ञान आहेत. सोबत चहा घेणं, एकमेकांसाठी घास राखून ठेवणं, हातात हात घेणं यासाठी मुलांची परवानगी लागत नाही. मुलांच्या रागामागे बहुधा शेताच्या सातबाऱ्याची काळजी असते. तो विषय वेगळा काढून बोलावा. पाहायचं एवढंच की दोघांचीही मर्जी आहे का. एकाला स्मृतिभ्रंश असेल तर त्या व्यक्तीला हे खरंच हवं आहे का, हे मावशींनी जवळून पाहत राहिलं पाहिजे.

पुरुषांचा आणि बायकांचा हॉल वेगळा म्हणून लग्नाच्या नवरा-बायकोला दूर झोपवणारे आश्रमही आहेत. पन्नास वर्षं एका घरात झोपलेल्यांना असं तोडू नये. खोली नसेल तर निदान दिवसाचा काही वेळ दोघांना निवांत द्या.

१९. कुणी वारलं तर बाकीच्यांना सांगायचं का? त्यांना धक्का बसेल.

सांगा, त्याच दिवशी. रिकामी बाज सगळ्यांना दिसते. न सांगितल्याने ते एवढंच शिकतात की आपण गेलो तरी असंच गुपचूप उचलतील. ज्यांना शेवटचं पाहायचं आहे त्यांना पाहू द्या, फूल वाहू द्या, शक्य त्यांना घाटावर न्या. दिवसांच्या हिशेबाने पुढे काही करायचं असेल तर त्यांच्याच पद्धतीने करा. शेजारच्या बाजेवरच्या माणसाकडे पुढचे काही आठवडे जास्त जा, आणि ती बाज दुसऱ्याच दिवशी भरू नका.

२०. वाढदिवसाला आश्रमात जेवण देतो, फोटो काढतो. यात काही चुकतं का?

जेवण चांगलंच. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आपण आश्रमात आहोत हे कितीतरी जणांनी नातलगांना, सोयऱ्यांना सांगितलेलं नसतं. तुमच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून ते गावभर होतं. ब्लँकेट हातात देताना ओळीने उभं करू नका. देऊन झाल्यावर तासभर बसा आणि पुढच्या महिन्यात रिकाम्या हाताने या.

२१. आजोबा म्हणतात, "तू माझ्या पोरासारखा, शेत तुझ्या नावाने करतो." आणि काही जण उसने पैसे देऊ करतात.

काहीही घेऊ नका, कशावरही सही किंवा अंगठा घेऊ नका, वारस म्हणून नाव लावून घेऊ नका. व्यवस्थापकांना आणि तुमच्या गटाला लगेच सांगा. सोबत करणाऱ्याचा पैशाशी संबंध आला की बाकी सगळ्यांचा विश्वास उडतो. तुम्हाला त्यांच्याकडून काही घ्यायचंच असेल तर गोष्ट घ्या, गाणं घ्या, कलम कसं बांधायचं ते शिकून घ्या.

२२. मुलगा चांगला कमावतो, शेत लिहून घेतलं आणि आता फिरकत नाही. काही करता येतं का?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ खाली ६० वर्षांवरील व्यक्ती उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. स्वतः जमत नसेल तर तिने सांगितलेली व्यक्ती किंवा संस्थाही करते. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थाचा आदेश होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि अट मोडली असेल तर कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून मागता येतो. ज्येष्ठांच्या मदतीसाठी एल्डरलाइन हा १४५६७ क्रमांक सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो. ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो.

पण आधी त्यांना अर्ज करायचा आहे का, ते विचारा. कितीतरी आया म्हणतात, "त्याला कोर्टात नको ओढू, नुसतं एकदा येऊन जा म्हण." मग तुम्ही तेवढंच करा. मुलाला फोन करा, न ओरडता.

२३. आश्रमातल्या मावशी चिडचिड करतात. तक्रार करावी का?

मारहाण, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं, शिवीगाळ यांची तक्रार लगेच करा, एल्डरलाइनवरही करता येते. नुसती चिडचिड असेल तर आधी पाहा, एकटी बाई किती जणांचं करते, रात्रपाळीही तिचीच आहे का, पगार वेळेवर होतो का. मरण सगळ्यात जवळून तीच पाहते आणि तिला कुणी विचारत नाही. तुमच्या फेरीत दहा मिनिटं तिच्यासाठीही ठेवा. तुम्ही असताना तिला तासभर घरी जाऊन येता आलं तर त्याहून चांगलं.

२४. माझी बदली झाली. आता जाणं होणार नाही. कसं सांगू?

निदान महिनाभर आधी सांगा, समोर बसून. तुमच्या जागी जो येणार त्याला दोन-तीन खेपा सोबत न्या, आणि त्याला आपली माहिती आजीलाच सांगू द्या: चहा कसा लागतो, कोणत्या गोष्टी विचारायच्या, कोणत्या नाही. "येत राहीन" असं म्हणू नका, जर येणार नसाल. फोन जमत असेल तर वार सांगा आणि तो पाळा. कार्ड लिहिलंत तरी चालतं. मावशी वाचून दाखवतात, आणि आजी ते उशाखाली ठेवून दुसऱ्यांकडून पुन्हा वाचून घेते.